कराचीहून निघालेले एक मराठी घर

फाळणीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात मराठी माणूस बहुधा यजमान असतो. सिंधी निर्वासित आले, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली आणि पुढे त्या लोकांनी कष्टाने व्यापारात पाय रोवले, असा तो वृत्तांत असतो. तो खराच आहे. पण त्याच बोटींतून मुंबईच्या गोदीत काही मराठी कुटुंबेही उतरली होती, आणि त्यांच्याविषयी सहसा कोणी विचारत नाही. माझ्या वडिलांचे घर त्यांपैकी एक होते. वडील तेव्हा फार लहान असल्याने त्यांना स्वतःचे असे काही आठवत नसे. जे मला कळले ते त्यांच्या थोरल्या बहिणीकडून, म्हणजे माझ्या आत्याकडून, आणि आजोबांच्या ट्रंकेत राहिलेल्या थोड्या कागदांवरून.

आधी कराचीत मराठी माणसे कशी, हे सांगायला हवे, कारण हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईहून चालत असे. शाळा खाते, महसूल, टपाल, रेल्वे, बंदर या साऱ्यांना इंग्रजी जाणणारे कारकून, शिक्षक आणि ओव्हरसिअर लागत, आणि ते पुण्या-मुंबईकडून, कोकणातून जात. कराचीतल्या सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. सिंधमधली महाविद्यालये तर फाळणीच्या वर्षापर्यंत मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होती. रत्नागिरीच्या माणसाला मुंबईहून आगबोटीने कराचीला जाणे हे नागपूरला जाण्यापेक्षा फारसे परके वाटत नसावे. माझे पणजोबा असेच नोकरीसाठी गेले. आजोबांचा जन्म तिथला, आत्याचा तिथला, वडिलांचाही तिथलाच. रत्नागिरीकडच्या मूळ गावी घराचा एक पडका भाग आणि चुलत्यांच्या ताब्यातली थोडी जमीन एवढेच उरले होते, आणि आत्याने ते गाव फाळणीपूर्वी पाहिलेलेही नव्हते.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे मुंबईत सगळ्यांनी असे धरले की हे लोक आपल्या घरी आले. आडनाव कोकणातले, भाषा मराठी, देव्हाऱ्यात कुलदैवत कोकणातले. मग निर्वासित कसले? परंतु तेव्हा अकरा वर्षांच्या असलेल्या माझ्या आत्याला विचारले असते तर तिने आपले घर म्हणून रामबागेच्या मागची गल्ली दाखवली असती. त्या गल्लीत एका बाजूला कच्छी, दुसऱ्या बाजूला आमिल म्हणजे शिकलेल्या, नोकरदार सिंधी हिंदूंपैकी एक कुटुंब, आणि कोपऱ्यावर एक पारशी वृद्ध जोडपे राहत असे. आत्या घरात मराठी बोले, शेजारी सिंधी, आणि बाजारात हिंदुस्थानी. पाऊस म्हणजे काय हे तिला मुंबईत आल्यावर कळले, असे ती म्हणे, कारण कराचीत कित्येक वर्षी पाऊस जेमतेम हजेरी लावून जातो. समुद्रावरचा कोरडा वारा, बंदर रोडवरची ट्राम, थंडीत शेगडीभोवती बसणे, सिंधू नदीतला काटेरी पल्ला मासा, हे तिचे बालपण. यातले काहीच तिला परक्या मुलखातले वाटत नव्हते.

पंजाब आणि बंगाल यांच्या मधून रेषा गेली, सिंधच्या मधून गेली नाही. अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला, आणि म्हणूनच सुरुवातीला तिथल्या हिंदूंना निघावेसे वाटले नाही. पंजाबात जो संहार झाला तसा सिंधमध्ये झाला नव्हता, आणि इथे तसे काही होणार नाही असेच पुष्कळांना वाटत होते. ११ ऑगस्ट १९४७ रोजी जीनांनी कराचीतच संविधान सभेपुढे भाषण करून सर्व धर्मांच्या लोकांना आपापल्या पूजास्थानी जायला मोकळीक असल्याचे सांगितले होते. आजोबांनी ते भाषण वर्तमानपत्रात वाचले आणि आजीला वाचून दाखवले, हे आत्याला आठवत होते. आजोबा भाबडे नव्हते. जन्मापासून ज्या शहरात राहिलो तिथून उठून जायला काहीतरी सबळ कारण लागते, आणि ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांना ते दिसत नव्हते.

आजोबा केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होते. फाळणीच्या वेळी सरकारी नोकरांना भारत की पाकिस्तान हे निवडण्याचा हक्क देण्यात आला होता. त्यासाठी छापील फॉर्म भरून द्यावा लागे आणि त्याला घरोघर ‘ऑप्शन’ म्हणत. निवड तात्पुरती असेल तर सहा महिन्यांच्या आत ती बदलता येत असे. आजोबांनी पाकिस्तान लिहिले, तात्पुरते म्हणून. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा नवल वाटले होते, पण विचार केल्यावर त्यात नवल करण्यासारखे काही राहिले नाही. पाकिस्तान लिहिणे म्हणजे त्यांच्या लेखी रोजच्या कचेरीत रोजच्या टेबलाशी जात राहणे होते. भारत लिहिणे म्हणजे बदली कुठे होईल, राहायला जागा कुठे मिळेल, म्हाताऱ्या आईला कुठे न्यायचे, यांपैकी कशाचेही उत्तर नसताना घर मोडणे होते.

घर हलले ते आधी बाहेरून आलेल्या माणसांमुळे. नव्या देशाची राजधानी कराची झाली. दिल्लीहून कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागे कारकून आले, आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे संयुक्त प्रांतातून (आजच्या उत्तर प्रदेशातून), दिल्लीतून, राजपुतान्यातून सर्वस्व गमावून आली. १९४१ च्या जनगणनेत सुमारे चार लाख वस्ती असलेले हे शहर १९५१ च्या जनगणनेपर्यंत दहा लाखांच्या वर गेले. एवढ्या माणसांना छप्पर कुठले? मोकळी घरे, अर्धी मोकळी घरे, मोठी वाटणारी घरे सरकार ताब्यात घेऊन वाटू लागले. आजोबांचे घर भाड्याचे होते, तीन खोल्यांचे. दिवाळीनंतर त्यांतल्या पुढच्या दोन खोल्या एका मुसलमान कुटुंबाला देण्यात आल्या. नवरा-बायको, दोन मुले आणि एक आंधळी सासू असे ते कुटुंब होते, आणि ते आग्र्याच्या बाजूने आले होते.

आत्याच्या सांगण्यातला हा भाग मी तिला अनेकदा पुन्हा सांगायला लावला, कारण इतरत्र मी जे वाचले होते त्यात तो कुठे बसत नव्हता. दोन्ही घरांना मिळून एकच नळ होता आणि पाणी पहाटे थोडा वेळ यायचे. पहिले काही दिवस आजी आपली घागर भरून घेई आणि तोंड फिरवून आत निघून जाई. एका पहाटे त्या बाईची घागर भरण्याआधीच पाणी गेले. आजीने मागे वळून पाहिले, आपल्या घागरीतले अर्धे पाणी तिच्या घागरीत ओतले आणि “कल तुम पहले भरना, बहेन” असे आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत सांगितले. त्यानंतर त्या दोघी थोडेफार बोलू लागल्या. त्या बाईचे घर आग्र्याकडे जळाले होते की नुसते सोडावे लागले होते, हे आत्याला सांगता येत नसे. पण ती मुलांना निजवताना रडत असे आणि मधल्या दारातून ते ऐकू येई, एवढे तिला स्पष्ट आठवत होते. आजीला त्या बाईचा राग येत असे की कणव, असे मी एकदा विचारले. “अगं, दोन्ही. सकाळी राग, रात्री कणव,” असे आत्या म्हणाली.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली. सिंधच्या आतल्या भागातून काही शीख कुटुंबे भारताकडे जाणारी बोट पकडायला कराचीत आली होती आणि एका गुरुद्वारात उतरली होती. जमावाने त्या गुरुद्वारावर हल्ला करून अनेकांना ठार मारले, आणि मग लूट शहरभर पसरली. संचारबंदी लागली. आजोबा त्या दिवशी कचेरीतच अडकून पडले. घरात आजी, पणजी आणि मुले होती. गल्लीत माणसे शिरल्याचा आवाज आला तेव्हा आग्र्याचे ते गृहस्थ पुढच्या दारात जाऊन उभे राहिले आणि इथे सगळे मुसलमान राहतात, असे त्यांनी सांगितले. माणसे पुढे गेली. समोरचे आमिलांचे घर मात्र लुटले गेले. त्यांचा हार्मोनियम रस्त्यावर आपटून फोडताना आत्याने खिडकीच्या फटीतून पाहिले.

त्या आठवड्यानंतर कराचीतल्या हिंदूंपैकी ज्यांना शक्य होते ते जवळजवळ सगळेच निघण्याच्या तयारीला लागले. इतके दिवस जे आजोबांना दिसत नव्हते ते कारण आता दिसले होते. जानेवारीच्या मध्यावर त्यांनी ऑप्शन बदलले. सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारीत संपणार होती, म्हणजे ते वेळेत होते. पण बदलीचा हुकूम येऊन कचेरीतून मोकळे होईपर्यंत त्यांना तिथेच थांबणे भाग होते. म्हणून असे ठरले की आजी, पणजी आणि मुलांनी आजोबांच्या धाकट्या भावाबरोबर पुढे जायचे.

काय न्यायचे यावर घरात दोन दिवस वाद झाला. पणजीला पितळेचे घंगाळ हवे होते, आजीला शिवणयंत्र. शेवटी शिवणयंत्राचे नुसते वरचे डोके काढून गोधडीत गुंडाळले गेले आणि लोखंडी पाय तिथेच राहिले. देव्हाऱ्यातले टाक आजीने कमरेला बांधलेल्या पिशवीत ठेवले. पाटा-वरवंटा पुढच्या खोलीतल्या आग्र्याच्या बाईला दिला. आजोबांनी स्वतः मात्र एकाच गोष्टीची घाई केली: कराचीतली शाळा उघडल्याबरोबर ते आत्याचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. सगळे शहर उठून चाललेले असताना हा माणूस मुलीच्या दाखल्यासाठी मुख्याध्यापकांच्या दारात उभा राहिला, याचे मला अजूनही फार अप्रूप वाटते. तो दाखला मी पाहिला आहे. निळसर पडलेली शाई, दुमडीवर फाटून मागून चिकटवलेला कागद, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात ‘कराची’. पुढे आयुष्यभर वय आणि जन्म सिद्ध करायला आत्याकडे एवढा एकच पुरावा होता.

बोट कराची बंदरातल्या कियामारीहून सुटे. धक्क्यावर रांगा, सामानाची तपासणी, आणि आत डेकवर जिथे जागा मिळेल तिथे पथारी. पणजीने प्रवासभर काही खाल्ले नाही. बोटीवरच्या पाण्याला कोणाकोणाचे हात लागले असतील, ही तिची काळजी होती, आणि या काळजीतही ती बाई आपले जुने जग सांभाळत असावी, असे मला वाटते. मुंबईत गिरगावातल्या एका चाळीत आजीच्या मावसभावाची खोली होती. त्या एका खोलीत आधीच सहा माणसे होती, त्यांत ही पाच जणांची भर पडली. पुढे काही दिवसांतच, ३० जानेवारीला, गांधीजींची हत्या झाली. मुंबईतही दंगल उसळली आणि मारेकरी मराठी ब्राह्मण असल्याचे कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. आजीने खोलीचे दार आतून लावून घेतले आणि मुलांना खिडकीशी जाऊ दिले नाही. एका महिन्यात दुसऱ्यांदा, आणि तेही दोन वेगळ्या देशांत.

आजोबा पुढचे चार-पाच महिने कराचीत एकटे होते. त्या काळातली त्यांची मोजकीच पत्रे उरली आहेत, सगळी कोरड्या सुरातली. प्रकृती बरी आहे, पगार झाला, इतके रुपये मनिऑर्डरने पाठवले आहेत. एका पत्रात मात्र असे आहे की ताप आला होता, पुढच्या खोलीतल्या बाईंनी खिचडी पाठवली, ती खाल्ली. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या माणसाने हे आपल्या आईच्या कानावर जाणार हे ठाऊक असूनही लिहिले. मनिऑर्डरीच्या त्या काळात दोन्ही देशांत चलन एकच होते, रिझर्व्ह बँकेच्याच नोटा दोन्हीकडे चालत. १ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरनंतर जुन्या भारतीय नोटा तिथे चालेनाशा झाल्या. १ मार्च १९४८ पासून जकातीच्या दृष्टीने दोन्ही देश एकमेकांना परके झाले. आजोबा जूनमध्ये निघाले तेव्हा त्यांची ट्रंक कियामारीला उपसली गेली आणि मुंबईत पुन्हा उपसली गेली. जानेवारीत आजी ज्या समुद्रावरून आली होती, तोच समुद्र पाच महिन्यांत सरहद्द झाला होता.

जूनमध्ये येणे किती नशिबाचे ठरले, हे त्यांना नंतर कळले. १९ जुलै १९४८ रोजी भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा केला. संविधानाच्या सहाव्या कलमात हीच तारीख आहे: तिच्याआधी आलेला आणि तेव्हापासून इथे राहिलेला माणूस आपोआप नागरिक, नंतर आलेल्याने मात्र सहा महिने इथे राहून, अर्ज करून नाव नोंदवायचे. बदलीचा हुकूम थोडा लांबला असता तर आजोबा आपल्याच बायकामुलांच्या देशात परवान्यावर आले असते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आमचे घर निघू शकले, कारण आजोबांच्या हातात भरायला एक फॉर्म होता. कराचीतली गटारे आणि शौचकूप साफ करणाऱ्या दलित कामगारांच्या हातात तसे काहीच नव्हते. त्यांचे काम अत्यावश्यक सेवेत मोडते असे म्हणून पाकिस्तान सरकारने त्यांना जाण्यापासून रोखले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डिसेंबर १९४७ मध्ये याविषयी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून तक्रार केली होती. म्हणजे शहर सोडण्याची मुभासुद्धा जातीप्रमाणे वाटली गेली. आमच्या घरातल्या गोष्टीत या माणसांचा उल्लेख कधीच आला नाही. मी आत्याला विचारले तेव्हा ती बराच वेळ आठवत राहिली. सकाळी मागच्या गल्लीतून एक बाई येई, तिचे नाव कोणी विचारले नव्हते, असे ती म्हणाली.

मुंबईत आल्यावर या कुटुंबाला सरकारकडून काही मिळाले का, असे लोक विचारतात. भरपाईची सारी व्यवस्था, म्हणजे १९५० चा दाव्यांचा कायदा आणि १९५४ चा विस्थापितांच्या भरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा, ही मुख्यतः मागे राहिलेल्या मालमत्तेच्या पडताळणीवर उभी होती. भाड्याच्या तीन खोल्यांत दोन पिढ्या काढलेल्या माणसाने कशाचा दावा करायचा? शिवणयंत्राच्या पायांचा? छावणीत ते गेले नाहीत, कारण नातेवाईक होते. विस्थापितांसाठीच्या सवलतींचा अर्ज त्यांनी केला नाही, कारण ते आपल्यासाठी नाही, ते सिंधी लोकांसाठी आहे, असे आजोबांनीच ठरवून टाकले होते. १९५१ च्या जनगणनेत तुम्ही विस्थापित आहात का, असाल तर कधी आणि कुठून आलात, असा प्रश्न होता. आजोबांनी त्याचे काय उत्तर दिले असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. ते ‘नाही’ म्हणाले असतील, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

या नाकारण्याची किंमत घरात चुकती होत राहिली. आत्याला नव्या शाळेत तिच्या उच्चारांवरून चिडवत. तिच्या मराठीत सिंधी हेल होता. तिने काही महिन्यांत तो घालवला आणि त्याबरोबर सिंधीही सोडून दिली. उतारवयात उल्हासनगरला एका लग्नाला गेली असताना जेवणाच्या पंगतीत शेजारच्या म्हातारबाईशी ती एकाएकी सिंधीत बोलू लागली आणि तिची स्वतःची मुले थक्क होऊन पाहत राहिली. आईला सिंधी येते, हेच त्यांना ठाऊक नव्हते. पणजी चाळीतल्या त्या खोलीतच दोन वर्षांनी गेली. आजोबा पुढे बदल्यांवर फिरले, निवृत्त झाले आणि कराचीविषयी बोलायचे झाले तर हवा कोरडी होती, दम्याला बरी, एवढेच बोलत.

सगळी मराठी माणसे निघाली नाहीत, हेही सांगायला हवे. कराचीत आजही मराठी हिंदूंची लहानशी वस्ती आहे, तिथे गणपती बसतो आणि समुद्रात विसर्जन होते. त्यांच्या आजोबांनी राहायचे का ठरवले, की त्यांना निघताच आले नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मला आवडेल.

ज्यांच्या घरात असा कोणी थोरला माणूस अजून आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. त्यांना आठवणी सांगा असे मोघम म्हणू नका. त्याने “काय सांगायचे त्यात” एवढेच उत्तर मिळते. बोट की जोधपूरकडची रेल्वे, हे विचारा. ऑप्शन भरले होते का, बदलले होते का, घर भाड्याचे होते की मालकीचे, चावी कोणाच्या हातात दिली, कोण मागे राहिले, शाळेचा दाखला कुठे आहे, हे विचारा. आणि विस्थापित म्हणून नाव नोंदवले होते का, नसेल तर का नाही, हे अवश्य विचारा.